‘पाऊण इंच’ हे उत्तर आलं तिथेच मी थांबायला हवं होतं

२१८ डॉलर ७५ सेंट. एवढे पैसे मी एका प्लास्टिकच्या पट्टीपायी घालवले, आणि त्यातले ६० डॉलर माझ्या मित्राचे होते. ते मी त्याला माझ्या खिशातून परत केले, पण देताना त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही. न्यू जर्सीत किंवा आणखी कुठे कोणी जुनी आर्केड कॅबिनेटं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची लाकडी यंत्रं, दुरुस्त करत असाल, तर हे वाचा.

माझ्याकडे १९८१ चं गॅलागा आहे, नाम्कोचा खेळ, अमेरिकेत मिडवेने काढलेलं कॅबिनेट. शाळेत असताना ठाण्याच्या पार्लरमध्ये खाऊचे पैसे याच खेळात जायचे, म्हणून हेच शोधून घेतलं. लाकूड भरून काढलं, रंग दिला, काचेची फ्रेम बसवली. उरली होती फक्त कडेची टी-मोल्डिंग, म्हणजे फळीच्या कडेवर बसणारी टी आकाराची प्लास्टिकची पट्टी. जुनी इतकी वाळली होती की ओढताना तुकडे हातात आले. पण तिचा कणा, म्हणजे फळीच्या खाचेत ठोकलेला भाग, दडलेला होता, आणि त्यावर ऊन न लागल्याने मूळ रंग शाबूत होता. मला तीच छटा हवी होती, तीही कातडीसारख्या खरबरीत पोताची. दुकानात स्वस्तात मिळते ती गुळगुळीत होती. लोक म्हणतात, तीच लावायची. चार महिने रात्री जागून काम केल्यावर कडेलाच तडजोड का करायची?

तेव्हा एक विक्रेता सापडला. जुन्या गोदामातला न वापरलेला माल, ३ डॉलर ५० सेंट फूट. मी ४० फूट सांगितली: १४० अधिक टपालाचे १८.७५. मित्राच्या कॅबिनेटसाठी २० फूट, त्याला ३ डॉलर दराने ६०.

पैसे पाठवण्याआधी मी विचारलं होतं, कण्याची जाडी किती? हे पट्टी लावणाऱ्याला विचारावंच लागतं. पट्टीची रुंदी फळीच्या जाडीएवढी असते, कुठे पाऊण इंच, कुठे पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कणा मात्र खाचेत ठोकायचा असतो, तो साधारण अर्धा सूत. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘पाऊण इंच’.

पाऊण इंच जाडीचा कणा कुठल्याच खाचेत जाणार नाही. ज्याच्या हातात पट्टी आहे तो असं लिहिणारच नाही. मी ते वाचलं, आणि त्याच्या वतीने मीच खुलासा केला, की घाईत रुंदी लिहिली असेल. का केला? कारण मला ती पट्टी हवी होती. बायकोने नंतर एवढंच विचारलं, ‘‘त्याला मोजता येत नाही हे तुला खटकलं नाही?’’ खटकलं होतं. तेच जास्त जाळतं.

कण्यावर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, लावलेला फोटो मागा. नसेल तर व्यवहार संपला.

शुल्क वाचवण्यासाठी मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा पर्याय वापर, असं तो म्हणाला. मी ऐकलं. त्या पर्यायात खरेदीला संरक्षण नसतं. ट्रॅकिंग नंबर आला, नवव्या दिवशी ‘पोचलं’ असं दिसलं, दारात काही नाही. पाकीट माझ्याच गावात, दुसऱ्याच पत्त्यावर टाकलेलं होतं, ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ दिसावं एवढ्यापुरतं.

टपाल खिडकीवरच्या माणसाने पडद्यावर बघून सांगितलं की ते तुमचं घर नाही. मग हेच लिहून द्या म्हटलं, तर म्हणे तसं लिहून देता येत नाही, आणि पत्ता गोपनीय. पैसे पाठवणारी कंपनी म्हणाली, पर्याय तुम्हीच निवडलात. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलीस चौकीत ४० मिनिटं बसवून ही दिवाणी बाब आहे असं सांगितलं. नोंद घ्या म्हटल्यावर कुठल्याशा संकेतस्थळाचा कागद हातात ठेवला. तिथे तासभर फॉर्म भरला, एक क्रमांक मिळाला. त्याला ११ आठवडे झाले. एकाही माणसाने ‘तुम्हाला फसवलं’ हे दोन शब्द उच्चारले नाहीत. प्रत्येकाला मी काय चुकलो तेवढं सांगायचं होतं. २१८ डॉलरसाठी कोणी उठणार नाही हे त्या चोराला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तो एवढीच रक्कम मागतो.

आधी एक फुटाचा नमुना मागवा, त्याचे वेगळे पैसे पडले तरी. स्वतःच्या कॅबिनेटची खाच स्वतः मोजा, जुन्या लाकडात ती रुंदावलेली असते. मित्राची ऑर्डर आपल्यात घालू नका. ‘पोचलं’ दिसलं की त्याच दिवशी टपाल कार्यालयात जा.

परवा त्या विक्रेत्याच्या जाहिरातीतला तोच फोटो पुन्हा दिसला, नाव वेगळं, भाव ४ डॉलर फूट. पट्टीचं वेटोळं, खाली ओरखडलेलं हिरवं टेबल, मागे लाल झाकणाची खिळ्यांची बरणी. ही बरणी दिसली तर एक सेंटही पाठवू नका.