विकायच्या आधी घर सजवून घेतलं, साडेतीन स्टार, दीड का कापला ते वाचा

जुळे सोलापुरातला आमचा टू बीएचके विकायला काढला होता. तिसरा मजला, वर डायरेक्ट गच्ची, बिल्डिंग बावीस वर्षं जुनी. दोन महिन्यांत अकरा-बारा जणं बघून गेले आणि सगळे जिना उतरताना "कळवतो" म्हणाले, म्हणजे संपला विषय. शेवटी एजंटच म्हणाला, काका राग मानू नका पण लोक घर बघायला येतायत आणि तुमची कपाटं बघून जातायत. त्यानंच या पोरांचा नंबर दिला, घर साफ करून, मांडून, गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं करून देतात म्हणे. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार आहे आणि पोरं मनानं वाईट नाहीत.

पॅकेज 22 हजारांचं. दोन दिवस डीप क्लीनिंग, एक दिवस मांडामांड, आणि पंधरा दिवस त्यांचं सामान भाड्यानं, म्हणजे पडदे, दोन लॅम्प, एक उंच आरसा, कुशन आणि प्लास्टिकची झाडं. रंगाचे वेगळे.

पहिलं काम त्यांनी काय केलं तर घर रिकामं करायला लावलं. हॉलमधली दोन लोखंडी कपाटं, शिलाई मशीन, माळ्यावरच्या गाद्या, "लागंल कधीतरी" म्हणून ठेवलेले सगळे खोके, टेम्पो करून भावाकडं पाठवले. बायको दोन दिवस बोलली नाही. पण खिडकीसमोरचं कपाट हललं आणि हॉलमध्ये असा उजेड आला की मलाच वाटलं च्यायला एवढ्यात विकायला नको होतं. जाळ्या काढून धुतल्या, एका खोलीत पांढरा आणि एका खोलीत पिवळा बल्ब होता ते सगळे एकसारखे केले.

आणि एक गोष्ट पैसे न घेता सांगितली तीच सगळ्यात कामाची निघाली. आमचा हॉल पश्चिमेचा. ऑफिस सुटल्यावर यायला बरं पडतं म्हणून आम्ही एप्रिलमध्ये लोकांना संध्याकाळी पाचला बोलवायचो, सोलापूरचं बेक्कार ऊन, भिंती तापलेल्या, वरनं स्लॅब तापलेला, पंखा गरम हवा फेकतोय आणि आम्ही म्हणतोय बसा ना चहा घ्या. पोरांनी एजंटला सांगितलं, सकाळी आठ ते अकराच दाखवायचं. बास.

आता तक्रार. बोअरच्या पाण्यानं नळावर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थर बसले होते. एका पोरानं लिंबाच्या सताच्या पाण्यात फडकी भिजवून नळाला गुंडाळली, अर्धा तास ठेवली, थर अलगद निघाला, काम बघत बसावं असं. दुसऱ्यानं घाई केली. वॉशिंगच्या जागी शहाबादी फरशी आहे तिथं सरळ ऍसिड ओतलं. फरशी फसफसायला लागली, मी ओरडेपर्यंत वितभर जागा पांढरीफट्ट आणि खरखरीत. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ऍसिड लागलं की तो खातोच, आणि शहाबाद काय लांब आहे का, गुलबर्ग्याच्या पलीकडं, आपल्याकडं घरोघरी हीच फरशी. सोलापुरात काम करणाऱ्याला हे माहीत नसावं? पॉलिशवाला बोलवावा लागला, ते पैसे त्यांनी पॅकेजमधनं कापून दिले, ते मान्य.

दुसरी तक्रार मोठी. बेडरूमच्या कोपऱ्यात बाथरूमच्या भिंतीची ओल होती. पोपडे खरवडून वर पुट्टी, दुसऱ्या दिवशी रंग, समोर झाड. मी विचारलं टिकंल का, तर "काका पंधरा दिवस काढायचेत फक्त." दहाव्या दिवशी बघायला आलेल्या एका गृहस्थानं झाड बाजूला सरकवून भिंतीवर अंगठा दाबला. पुट्टी पापडासारखी हातात आली. त्यांनी ती माझ्याकडं बघत खिशातल्या रुमालाला पुसली. एक शब्द बोलले नाहीत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आतल्या पाइपचा जॉइंट बदलला, बाथरूमच्या दोन टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग केलं आणि भिंत तीन आठवडे बिनरंगाची उघडी ठेवली. त्यानंतर जो येईल त्याला आधी तो कोपरा दाखवायचो, प्लंबरच्या बिलासकट.

देवघर हलवा म्हणाले होते, समोरच्याला न्यूट्रल वाटलं पाहिजे म्हणे. बायको म्हणाली तो न्यूट्रल असू दे नाहीतर काय असू दे, सिद्धेश्वर महाराज हितनं हलणार नाहीत. दिवाणावरची सोलापुरी चादर काढून हॉटेलसारखं पांढरं बेडशीट घातलं, तेपण दोन दिवसांनी तिनं परत बदललं.

आणि एवढं सगळं करून लोक बघतात काय? पहिल्याच दिवशी एक जोडपं आणि मुलाची आई आली. आईंनी कुशनकडं ढुंकूनपण बघितलं नाही, तडक किचनमध्ये, नळ सोडला, धारेखाली हात धरला. "पाणी किती दिवसाला येतंय?" चार दिवसाआड म्हटलं. "टाकी केवढी?" दीड हजार लिटर, आमची वेगळी. "चल रे वर," मुलाला म्हणाल्या. त्यानं गच्चीवर जाऊन झाकण उघडलं आणि आत शेवाळ, तळाला बोटभर गाळ. पॅकेजमध्ये टाकी नव्हतीच! अरे उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला चार दिवसांनी पाणी येणारं गाव आपलं, इथं लॅम्प लावण्याआधी टाकी धुवायची असती. 800 रुपयांत धुऊन झाली नंतर.

हॉलच्या टेबलावर पोरांनी मासिकं ठेवली होती, ती काढून मी इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या सरकारी नोंदणीचा उतारा), टॅक्सच्या पावत्या, लाइट बिल आणि सोसायटीचा नो ड्यूज यांची फाइल ठेवली. ती मात्र प्रत्येकानं चाळली.

घर शेवटी त्याच आईंच्या मुलानं घेतलं. मनातल्या आकड्यापेक्षा थोडं खाली गेलं पण महिनोन्महिने लटकलं नाही.

क्लीनिंगला पाच, मांडणीला चार, रंगाला एक. सरासरी मी माझ्या हिशोबानं काढली. नवीन घरात जायच्या आधी याच पोरांना बोलावणार आहे, फक्त साफसफाईला. ऍसिडचा कॅन खाली गाडीतच ठेवा म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.