हिरड्यांचा दवाखाना: चार स्टार, पाचवा वाट बघण्यात गेला

तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, दोरा दातानं तोडायची सवय जात नाही. मार्चमध्ये असाच दोरा तोडताना खालचा पुढचा दात हलला आणि पांढऱ्या दोऱ्याला रक्त लागलं. एका गिऱ्हाइकानं साताऱ्यातला हा दवाखाना सुचवला.

वेळ 11ची दिली होती, आत घेतलं पाऊण वाजता. रिसेप्शनवरच्या मुलीचं दर वेळी तेच, “पाचच मिनिटं काकू.” एक स्टार तिथंच कापला.

आत मात्र मॅडमना अजिबात घाई नाही. खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून एकेका दाताला सहा ठिकाणी फट किती खोल आहे त्याची मापं घेतली. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक म्हणे, माझी दोन-तीन ठिकाणी 6 निघाली. जन्मभर लोकांची मापं घेतली, हे एक माप नकोसं वाटलं.

मग थुंकीचा थेंब काचपट्टीवर घेऊन पडद्यावर दाखवला. वळवळणारे जंतू दिसणार हे धरूनच होते. पण मधे गोल, दाणेदार ठिपके होते, त्या माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी निघाल्या. न्यूट्रोफिल म्हणतात. दात आणि हिरडीच्या फटीतून त्या लाळेत उतरतात. निरोगी तोंडातही थोड्या असतात, हिरड्या सुजल्या की झुंडीनं येतात. त्यात जंतूंचा कचरा आणि सुजेची रसायनं मिसळलेली लाळ त्यांना आणखी चिथवते. मग जंतू मारता मारता त्या आपल्या पोटातली विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सांडतात, काही तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा फेकतात. दात हाडाला धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे या विकरांनी तुटतात. म्हणजे शिवण उसवणारे हात बऱ्याच अंशी घरचेच!

आमच्या जाऊबाई म्हणतात, दात साफ केले की हलायला लागतात. मॅडमना विचारलंच. म्हणाल्या, हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाच्या थरामुळे दात घट्ट वाटतात एवढंच.

बधिर करून चार खेपांत खोलवर सफाई केली. दुखलं नाही, नंतर आठवडाभर गार पाणी झोंबलं. बिल 6,800, पावती मागितल्यावर मिळाली. साखर तपासायलाही लावली, कारण मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात.

तक्रार एक. चूळ भरायच्या औषधानं दातांवर तपकिरी डाग पडतात हे आधी सांगायला हवं होतं. मी चहाला दोष देत बसले.

दोन महिन्यांनी 6चं माप 4वर आलंय, रक्त थांबलंय. दात थोडा हलतोच. गेलेलं हाड या सफाईनं परत येत नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. आता कात्री गळ्यातच अडकवून ठेवते. परवा म्हटलं, पुन्हा एकदा तो थेंब दाखवा ना, गर्दी कमी झाली का बघू. तर मशीन दुरुस्तीला गेलेलं.