सहा महिने वाचलेली चित्रकथा आणि चुकीच्या बाजूची काठी

मधलं जोडपान शेवटी सुटलंच. रोज रात्री उघडणाऱ्या पुस्तकाला नुसत्या डिंकाची बांधणी पुरत नाही. बाहेरून मागवायच्या एवढ्या महाग पुस्तकाला शिवण हवी होती. आणि सुटलं तेही नेमकं माझी तक्रार आहे तेच पान.

गोष्ट अलास्कातल्या युप्पिक या मूळनिवासी समाजातल्या मुलाच्या पहिल्या नाचाची. (नावातला 'प' जोडूनच म्हणा, रोमन लिपीत त्यापुढे दिसणारं चिन्ह त्यासाठीच असतं.) या पानावर आजोबा काठी डफासारख्या ढोलाच्या खालून मारतायत. ही उत्तरेकडच्या इन्युपिआक या दुसऱ्या मूळनिवासी समाजाची पद्धत. युप्पिक वादक लांब, बारीक काठी वरून मारतो. मुलं बघून करतात, म्हणून ही चूक लहान नाही. भरतकामाच्या रिंगवर जुन्या छत्रीचं कापड ताणून 'चाउयाक', म्हणजे हा ढोल, करून दिला, की मूल लगेच खालून ठोकायला लागतं. खऱ्या ढोलावरही आता वॉलरसच्या जठराऐवजी बहुधा नायलॉनच असतं, तेव्हा छत्री चालते. मात्र कापडाच्या समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढून मगच स्क्रू आवळा, नाहीतर नुसता फद्द आवाज येतो.

बाकी चित्रं चोख आहेत. पुरुष पुढे गुडघ्यांवर. बायका मागे उभ्या, पावलं न उचलता गुडघ्यांत लवणाऱ्या. पुरुषांचे पंखे लाकडी कड्याचे, पिसं खोचलेले. बायकांचे गवताचे, कडेने कॅरिबू या हरणाचे केस लावलेले.

मजकुराबद्दलचं मत मात्र बदललं. तेच कडवं पुन्हापुन्हा येतं म्हणून पहिला महिना कंटाळवाणा वाटतो. पण युप्पिक नाचात प्रेक्षक 'पम्युआ!' ओरडतात, म्हणजे 'शेपूट'. गाण्याला आणखी शेपूट लावा, पुन्हा नाचा! मजकूर तेच करतोय. पहिली फेरी संथ वाचा, शेवटची जोरात, आणि 'पम्युआ' मुलांना ओरडू द्या. मग कुणी पान उलटू देत नाही.

पहिल्या नाचाला घरचे लोक गावाला भेटी वाटतात, हे एका ओळीत उरकलंय. मिशनऱ्यांनी कित्येक गावांत हे नाच बंद पाडले होते, त्याचा तर उल्लेखच नाही. आजोबांच्या तोंडी दोन वाक्यं पुरली असती. पण मुलाला वारलेल्या नातेवाइकाचं नाव मिळतं आणि तो नाचताना लोक त्या माणसालाच बघतात, ते पान फार सुंदर उतरलंय.

पुस्तक घ्या. पान सुटलं तर सेलोटेप नको, पिवळी पडते. कण्याला फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन रात्रभर वजनाखाली ठेवा. चिकटवण्याआधी पेन्सिलीने काठी ढोलाच्या वर काढून घ्या.