ग्रुप मेडिक्लेम चांगलाय, पण वजन बघून पगार कापणं बंद करा (५ पैकी २ स्टार)

वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. कंपनीचं किंवा इन्शुरन्सवाल्यांचं नाव घेत नाही, पण यावर्षी रिन्यूअलला मेडिक्लेमसोबत जो वेलनेस प्लॅन जोडलाय त्याबद्दल लिहायचंच होतं, कारण शेजारच्या एक-दोन कंपन्यांत पण हेच आणू राहिले म्हणे.

आधी चांगलं ते सांगतो. कव्हर तीन लाखाचं, आईवडील धरून, जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. दिवाळीनंतर वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सगळं कॅशलेस, डिस्चार्जच्या दिवशी अप्रूव्हल यायला पाच तास लागले तेवढाच त्रास. क्लेमच्या कामाला माझ्याकडून चार स्टार.

आता वजनाचं. एप्रिलमध्ये कॅन्टीनच्या दाराशी टेबल मांडलं, एजन्सीची दोन पोरं आणि एक डिजिटल काटा. जेवण करून बाहेर आलं की लगेच काट्यावर. मी सेफ्टी शूज काढायला वाकलो तर पोरगा म्हणे राहू द्या सर, लाईन मोठीये. ८७.८ आलं. उंची मोजलीच नाही, जॉइनिंग फॉर्मवरची १६८ टाकली. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३१.१. आणि हे सगळं मोठ्यानं, कारण एक बोलायचा आणि दुसरा लिहायचा. माझ्या पुढं स्टोअरच्या ताई होत्या, त्यांचा आकडा ऐकून मागची दोन पोरं हसली, ताईंनी ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं आणि खाली बघत निघून गेल्या. वीस वर्षं झाली त्यांना या कंपनीत.

मे महिन्याच्या पगारात ४५० रुपये कमी. ३० च्या वर बीएमआय असेल तर दर महिन्याला एवढी कपात, म्हणजे वर्षाला ५४००. माझ्या पोराची शाळेची रिक्षा तीन महिने चालते तेवढ्यात.

मी दवाखान्यात जाऊन सकाळी उपाशीपोटी, अनवाणी नीट मोजून घेतलं. वजन ८५.५, उंची १७०. बीएमआय २९.६. म्हणजे बूट, जेवण आणि जुन्या फॉर्मवरच्या उंचीचे पैसे मी भरत होतो. रिपोर्ट दिल्यावर माझी कपात थांबली, कापलेल्या दोन महिन्यांचे पैसे अजून आले नाहीत.

पण प्रश्न माझ्यापुरता नाहीच. ताईंना थायरॉइड आहे, रोज गोळी चालू आहे, त्यांनी काय कमी खाऊन गोळी बंद करायची का? आणि आमच्याच शिफ्टचे एक मामा, अंगानं काटकुळे, पोट तेवढं पुढं, शुगर दहा वर्षांपासून, त्यांना एक रुपया कपात नाही. लागूही नये, पण मग वजनावरून आजार कळतो हे कसं म्हणायचं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये स्वतःचा आणि एका इंग्लिश डॉक्टर मित्राचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांचं असंच असतं, बारीक दिसतो पण आत चरबी. मोजायचंच असेल तर कंबर मोजा, शुगर बघा, बीपी बघा, आणि पैसे कापायला नाही तर औषध वेळेत चालू करायला बघा.

एचआरच्या सरांना विचारलं तर म्हणे अमेरिकेत असंच चालतं. चालतं, तिथल्या कायद्यात अशा वेलनेस प्लॅनसाठी एकट्या माणसाच्या कव्हरच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सूट किंवा दंड ठेवता येतो, पण ज्याला वजनाची अट जमत नाही त्याला दुसरा मार्ग द्यावाच लागतो, आमच्याकडं तो नाही. आणि ग्रुप पॉलिसीचा हप्ता ठरतो तो माणसं किती, वयं काय आणि मागच्या वर्षी क्लेम किती झाले यावर. माझं वजन इन्शुरन्सवाल्यांनी विचारलंच नव्हतं, कंपनीनं विचारलं. वरून पॉलिसीत लठ्ठपणाच्या ऑपरेशनला बीएमआय ४० लागतो, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर आजार. पैसे ३० ला घ्यायचे आणि उपचार ३५-४० ला, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्यातल्या २१ हजारांच्या आत पगार असलेल्यांना ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) आहे, त्यांचे पगाराच्या ०.७५ टक्के कापले जातात, जाड असो की बारीक, सगळ्यांचे सारखेच. ते बरंय.

आणि वजन वाढतं कशानं ते पण बघा ना. नाईटला रात्री दोन वाजता कॅन्टीनला पाववडा आणि गोड चहा, दुसरं काही नसतं. डबा आणला तर भाकरी गार, गरम करायला ओव्हन फक्त ऑफिसच्या मजल्यावर. बारा-बारा तास ओव्हरटाईम करून माणूस घरी येतो तो झोपायला, चालायला कधी जाणार? मी मेलमध्ये तीनच गोष्टी मागितल्या. रात्री भाकरी-भाजी ठेवा, वजन पडद्याआड घ्या, डॉक्टरची चिठ्ठी असेल त्याची कपात बंद करा. पडदा मिळालाय. बाकीचं मॅनेजमेंटला कळवतो म्हणाले.

तुमच्याकडं असा कॅम्प लागला तर बूट काढूनच काट्यावर चढा, उंची समोर मोजायला लावा आणि लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. ताईंची कपात अजून चालूच आहे, सोमवारी त्यांची थायरॉइडची फाईल घेऊन आम्ही दोघं परत एचआरला जाऊ राहिलो.