तयार आकडे की लासलगावचा लिलाव? अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी

नाशिकात अर्थशास्त्राचा प्रकल्प म्हटला की विषय फिरून फिरून कांद्यावर येतो. खरा पेच त्यानंतर पडतो. बाजारभावाचे तयार तक्ते घ्यायचे, की बाजार समितीत जाऊन शेतकऱ्यांना विचारायचं? मी दुसऱ्या वर्षाला पहिला मार्ग धरला, तिसऱ्या वर्षाला दुसरा.

तयार आकड्यांची सोय मोठी आहे. रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव घरबसल्या मिळतात, आणि अनेक वर्षांचे मिळतात. आलेखही देखणे होतात.

माझा विषय निर्यातबंदीचा होता. ती 8 डिसेंबर 2023 ला लागली, 4 मे 2024 ला उठली. आधीचे आणि नंतरचे भाव ताडून पाहायचे, एवढंच. अडलो ते 'जात' या रकान्यापाशी. कुठे लाल, कुठे उन्हाळ, आणि कितीतरी ओळींत नुसतं 'इतर'. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने राहतो. म्हणजे बंदीचा मार कोणी किती सोसला, हे त्या एका रकान्यावरच ठरतं. डिसेंबरात नवा लाल येतो, चाळीतला उरलासुरला उन्हाळही येत असतो. मे महिन्यात बाजार उन्हाळचा. मग भाव हलला तो बंदीमुळे, की कांदाच बदलला म्हणून? 'इतर'च्या ओळी गाळल्या तर मधले दिवसच्या दिवस रिकामे, ठेवल्या तर निष्कर्ष फिरायचा. पोस्टरपुढे उभा असताना परीक्षकांनी विचारलं, "हा 'इतर' म्हणजे कोणता कांदा?" मला सांगता आलं नाही. ते अजून सलतं.

तिसऱ्या वर्षाला लासलगावला गेलो. चाळीसेक शेतकऱ्यांशीच बोलणं झालं, आणि एवढ्यावरून जिल्ह्याबद्दल काही ठामपणे म्हणता येत नाही, हे कबूल. शिवाय आवारात भेटतो तो विकायला आलेला; भाव वाढायची वाट पाहत माल चाळीत ठेवलेला माणूस घरी असतो. त्यासाठी चांदवड आणि निफाडच्या गावांत वेगळ्या फेऱ्या माराव्या लागल्या. खर्च विचारला तर उत्तर एकरी येतं, आणि घरच्यांची मजुरी कोणीच धरत नाही.

पण पहिल्याच दिवशी एका काकांनी खिशातून हिशेबपट्टी काढून दाखवली. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. कांदा कोणता, ते तर समोर ट्रॉलीत दिसत होतं. पुढे मी आठवणीतले आकडे विचारणंच सोडलं, पट्टी पाहायला मागू लागलो. त्या वर्षी मांडणी करताना एकाही प्रश्नाला थबकलो नाही.

तुमची मुदत महिन्याभरावर आली असेल तर तक्ते घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त एकच जात स्पष्ट लिहिलेल्या बाजारापुरता विषय आवरता घ्या. दोन-तीन महिने हाताशी असतील तर मी तरी आवारातच जाईन. लिलाव चालू असताना मात्र कोणाला अडवू नका. ट्रॅक्टर काट्यावरून उतरले की पैशांसाठी थांबावं लागतं. तेव्हा शेजारी जाऊन बसा, माणसं आपणहून बोलतात.