अकरा महिने वापरल्यावर: अ‍ॅव्हरेज पडलं कशानं, ते शेवटी टायरवाल्यानं सांगितलं

"साहेब, डावं मागचं चाक भट्टीगत तापलंया. हात लावून बघू नका, जवळ धरा नुसता." बेळगावहून कोल्हापूरला घरी येताना गोकुळ शिरगावला हवा तपासायला थांबलो, तेव्हा टायरवाल्या पोरानं हे दाखवलं. चार महिने सर्व्हिस सेंटरला मी हेच विचारत होतो, की गाडी अचानक जास्त पेट्रोल का पिते? तिथलं उत्तर ठरलेलं: "सर, एवढी मोठी गाडी घेतलीत, आता अ‍ॅव्हरेज काय विचारता?" या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. गाडी महाग असली तरी लिटरला शंभराच्या वर मीच मोजतो.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. बसायला, चालवायला उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा हिशोब साधा आहे. एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी तिथंच तशीच भरून भागाकार करायचा. स्क्रीनवरचा आकडा माझ्या गाडीत कायम लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर जास्तच निघाला, म्हणून तो मी धरत नाही. लेक बेळगावला असते, त्यामुळे महिन्यातून एकदा जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. दोन्ही बाजूंचा हिशोब एकत्रच करायचा, कारण बेळगाव आपल्यापेक्षा उंचावर आहे. नुसतं येतानाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर फसायला होतं.

पहिले काही महिने या फेरीला 14.4 मिळत होतं. पावसाळ्यानंतर 12.9, मग 11.8.

मी पहिला दोष इथेनॉलला दिला. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं याचा आनंद आहे, पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. 20 टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होणारच. तसं तावातावानं चार जणांना सांगितलंही. तो आरोप आता मागे घेतो. 14.4 मिळालं तेव्हाही पंप तोच होता आणि पेट्रोलही 20 टक्क्यांचंच होतं. शिवाय माझी घट अठरा टक्क्यांची.

खरं कारण म्हणजे ब्रेक कॅलिपरच्या पिना. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचं पॅड दाबणारा भाग, तो या पिनांवर मागेपुढे सरकतो. चिखलपाण्यानं त्या जाम झाल्या, पॅड सुटेना, ते डिस्कला घासतच राहिलं. म्हणजे मी चार महिने थोडासा ब्रेक दाबून गाडी चालवत होतो. आवाज नाही, स्क्रीनवर दिवा नाही. सर्व्हिस सेंटर म्हणालं, पॅड झिजण्याची वस्तू, वॉरंटीत बसत नाही. पॅड झिजलं पिन अडकल्यामुळे आणि पिन तपासायची राहिली तुमच्याकडून, हे तीन फेऱ्यांत पटवलं तेव्हा मजुरी सोडली. पॅडचे पैसे घेतलेच.

शहरातल्या अ‍ॅव्हरेजचं मात्र वेगळं निघालं. तिथला दोष माझा. राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जायचं, अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागतं, आणि ते पुरतं गरम होण्याआधीच मी गाडी बंद करायचो. दिवसातून चार वेळा. 7.6 मिळायचं. आता बँक, मार्केट यार्ड, दुकान एकाच फेरीत करतो आणि दुपारी जेवायला दुचाकीनं घरी येतो. 9.1 वर आलंय, एवढ्यानंच.

हायवेला 100 ऐवजी 90 धरलं तर हवेचा अडथळा जवळपास पाचव्या हिश्शानं कमी होतो. रस्ता मोकळा असला की तेवढंच ठेवतो. हवा दर पंधरा दिवसांनी, चाकं थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा मी मोजतच नाही. ती चाचणी रोलरवर होते, कागलच्या वळणरस्त्यांवर नाही.

परवा बेळगाव करून आलो. गोकुळ शिरगावला थांबून चारही चाकांजवळ हात धरला. मागची दोन्ही सारखीच कोमट होती. पंपावर टाकी भरली, 14.2.