टाइमपिक्स आणि लिथियम फ्लोराइड: वर्षभरानंतर (जास्त करून सॉकेटबद्दल)

टाइमपिक्स म्हणजे पिक्सेलवाली सिलिकॉन चिप. तिच्यावर लिथियम फ्लोराइडचा थर दिला की न्यूट्रॉनच्या झोतात (बीममध्ये) वस्तूंच्या आतली चित्रं काढता येतात. आधीच सांगतो, चिपबद्दल तक्रार नाही. तक्रार रीडआउटच्या (चिपमधला डेटा संगणकाकडे पाठवणाऱ्या) डबीवरच्या यूएसबी सॉकेटची आहे. बीम चालू असताना ते हललं, स्क्रीनवर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ आलं आणि अख्ख्या रात्रीचा बीमटाइम पाण्यात गेला.

२५६ × २५६ पिक्सेल, प्रत्येक ५५ मायक्रॉनचा. म्हणजे खिडकी जेमतेम १४ मिलिमीटरची. पहिले काही महिने मला हे महागडं खेळणंच वाटत होतं. शंभर थर्मल (मंद) न्यूट्रॉन आले तर मोजले जातात पाचाच्या आसपास. लिथियमने न्यूट्रॉन गिळला की अल्फा आणि ट्रायटॉन असे दोन कण सुटतात, आणि सिलिकॉनला दिसतात ते हेच. थर जाड केला तर अल्फा त्यातच अडकतो (धाव ६ मायक्रॉनच्या आसपास), पातळ केला तर न्यूट्रॉन सरळ आरपार. ट्रायटॉन बरा, तीसेक मायक्रॉन पळतो. पण दोघं विरुद्ध दिशांना सुटतात, सिलिकॉनच्या वाट्याला एकच येतो. आमचा जुना सिंटिलेटर-आरसा-सीसीडीचा संच (न्यूट्रॉन लागला की चमकणारा पडदा, आरसा आणि कॅमेरा) याच्या कितीतरी पट न्यूट्रॉन पकडतो, आणि त्याचे पैसे कधीच फिटलेत.

मत बदललं ते झिरकोनियमच्या नळीचा तुकडा लावल्यावर. शोधायचं होतं हायड्राइड, म्हणजे धातूत शिरलेल्या हायड्रोजनचं संयुग. झिरकोनियमचे साधारण ६.५ बार्न (अणू न्यूट्रॉनला किती अडवतो-वळवतो ते मोजायचं एकक), हायड्रोजनचे ८२, फरक दिसणारच. नळीची भिंत काही मिलिमीटरची, तिला १४ पुरून उरले. सीसीडीवर गॅमा किरणांचे पांढरे ठिपके पुसता पुसता बारीक तपशीलही पुसले जायचे. इथे थ्रेशोल्ड (किती मोठ्या सिग्नलपासून मोजायचं ती मर्यादा) चढवला की गॅमा गायब. बीमचं शटर बंद केलं की मोजणी जवळपास शून्य. शिवाय प्रत्येक न्यूट्रॉनचा ठिपका अनेक पिक्सेलांवर पसरतो. टाइम-ओव्हर-थ्रेशोल्ड (सिग्नल किती वेळ त्या मर्यादेच्या वर राहिला) वापरून त्याचा मध्य काढला की ५५ मायक्रॉनच्या बरंच खाली उतरता येतं.

पण मध्य काढायचा तर ठिपके एकमेकांवर चढता कामा नयेत. म्हणून एक्स्पोजर छोटं, फ्रेम हजारोंनी. आणि त्या सगळ्या जाणार कुठून? त्याच सॉकेटातून! नुसतं सोल्डरवर उभं, ना स्क्रू ना क्लॅम्प, वर शिल्डिंगच्या ठोकळ्यांवरून लोंबणाऱ्या जाड केबलचा ताण. मोबाइलच्या चार्जिंगलासुद्धा याहून बरं सॉकेट असतं.

विक्रेत्याचं म्हणणं, पूर्ण रीडआउट बदला. वॉरंटी? ‘किरणोत्सर्गाजवळ वापरल्याने लागू नाही.’ अहो, न्यूट्रॉन डिटेक्टर आहे, देव्हाऱ्यात ठेवायचा का?

शेवटी हेल्थ फिजिक्सवाल्यांकडून (किरणोत्सर्गाची सुरक्षितता बघणाऱ्यांकडून) डबी तपासून घेतली, क्लिअरन्स मिळाल्यावर बाहेर नेली आणि एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून सॉकेट बदलून आणलं. खर्च कोटेशनवरच्या जीएसटीपेक्षाही कमी. आता केबल ॲल्युमिनियमच्या पट्टीला आवळली आहे. पट्टी बीममध्ये किरणोत्सारी झाली तरी अर्धायुष्य सव्वादोन मिनिटांचं, लवकर निवते. तेव्हापासून एकही फ्रेम गळलेली नाही.

मोठे नमुने असतील तर सीसीडीच ठेवा. बारीक काम असेल तर हा घ्या, पण ऑर्डरमध्ये लॉकिंग कनेक्टर लिहून घ्या आणि वॉरंटीच्या अटीतलं ते किरणोत्सर्गाचं वाक्य सहीआधी खोडायला लावा.